शेवटच्या थेंबानंतर

दादा ज्या जहाजाच्या इंजिनावर कामाला होता, ते बुडालं आणि खाडीभर तेल पसरलं. तेल संपल्याशिवाय पाणबुडे दादाला शोधायला उतरणार नव्हते. तेल खाणारे जंतू ते कधी संपवतील, हा अंदाज बांधायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. मी कॉम्प्युटरवर खाडी मांडली, तेलाचे थेंब सोडले, जंतू सोडले. तेलाशिवाय त्यांना खायला दुसरं काहीही ठेवलं नव्हतं.

आई रोज खुर्चीमागे येऊन उभी राहायची.

"संपलं का गं तेल?"

"जंतू आहेत ते, आई. तुझ्यासारखं भराभर आवरत नाहीत."

आज पडद्यावरचा शेवटचा थेंब संपला. आता जंतू उपासमारीने मरायला हवे होते. ते मात्र खाडीच्या एका कोपऱ्यात गोळा झाले आणि वाढतच राहिले. मी सगळं गणित पुन्हा तपासलं. तिथे एकही थेंब नव्हता.

"माझंच काहीतरी चुकलंय," मी म्हणाले.

आईने त्या कोपऱ्यावर हलकेच बोट ठेवलं.

"नाही गं. कितीही घासून आंघोळ केली, तरी दादाच्या अंगाचं तेल कधी निघायचंच नाही."