आढ्याखालचा झरोका

जुन्या घराच्या माळ्यावर ठेवलेल्या बियाण्याला दरवर्षी बुरशी यायची, म्हणून रिटायर्ड हेडमास्तरांनी सुताराला बोलावलं. त्यानं दोन दिवस राबून समोरच्या आणि मागच्या भिंतीत, अगदी आढ्याखाली, जाळीचा एकेक झरोका बसवला. वारा एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. माळा आठवड्याभरात कोरडा ठणठणीत झाला.

चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेले सर गावभर सांगत सुटले, "डोकं माझं, हात फक्त त्याचे." जुन्या घरांची पाहणी करायला कमिटी आली, माळ्यावर न चढताच खूश झाली आणि सरांना पहिलं बक्षीस देऊन गेली. तेव्हा सरांना सुताराची आठवणही झाली नाही.

दोन महिन्यांनी झाली, तीही भर चौकात.

"काय रे, बोगस काम केलंस. बियाणं पुन्हा बुरसलं, माळ्यावर श्वास घेववत नाही."

हातातलं काम टाकून सुतार सरांबरोबर गेला आणि माळ्यावर चढला. मागच्या झरोक्यातून उजेड येत होता, समोरचा मात्र काळा ठिक्कर. खाली उतरून अंगणात आला आणि मान वर करून बघतच राहिला.

"सर, ते कुणी ठोकलं?"

"मीच. रस्त्यावरून नीट दिसावं म्हणून बरोबर मधोमध."



झरोक्यावर चारी बाजूंनी खिळे मारून बसवलेली पितळी पाटी झळकत होती : 'प्रथम क्रमांक. गावातील सर्वांत हवेशीर घर.'