स्वीडनचा प्रश्न

दहाव्याला रजनीच्या पिंडाला कावळा शिवेना. मुलानं, सलीलनं, धाकट्या आभाचं लग्न नीट करून देण्याचा शब्द आईला दिला. कावळा बाभळीवरून हलला नाही.

"काहीतरी राह्यलं असन तिचं," रजनीच्या नवऱ्याचे, नरहरचे, मोठे भाऊ नानाजी म्हणाले. "आठव ना बापा. ऊन चढून राह्यलं, नाही तं गुरुजी दर्भाचा कावळा करतीन."

नरहर दहा दिवस सांगितलं तेवढंच करत होता. पण तिचं काय राहिलं, हे त्याला ठाऊक होतं. रजनी पन्नाशीनंतर इतिहास घेऊन एम.ए.ला बसली होती. १८०९ साली स्वीडननं राजा हटवला, नवी राज्यघटना केली आणि युद्धात फिनलंड गमावलं, हे ती पोळ्या लाटताना रोज त्याला ऐकवायची. दवाखान्यातही म्हणाली होती, "हा प्रश्न येतेच, पाहा तुम्ही." तो पेपर आज सकाळीच यवतमाळला होता. सोबत अभ्यास करणाऱ्या अर्पिताला त्यानं, सुटल्यावर कळव, असं सांगून ठेवलं होतं.

एक वाजता मेसेज आला. नरहरनं तो वाचला, फोन खिशात टाकला आणि पिंडासमोर हात जोडले.

"रजनी, स्वीडन आलं बरं. पुऱ्या सोळा मार्कांचं."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.



मेसेज होता, "काका, स्वीडनवर यंदा काहीच विचारलं नाही."