हूं म्हणायला उशीर

“काका, दिसून राहिलो का मी?” विनय गच्चीवरून ओरडला.

खाली ओसरीवर गुणवंतराव मोबाईल हातभर लांब धरून बसले होते. पडद्यावर पुतण्या नव्हता, नुसतं एक चाक फिरत होतं.

“आवाज येतो बाप्पा. पण जिन्यातून.”

भेडाघाटच्या या टोकाला केबलवाला कधी फिरकलाच नाही. म्हणून बंगळूरच्या मुलाने गच्चीवर छत्री बसवून दिली होती. नेट थेट उपग्रहावरून. आमच्या घरावरून जाताना तो उपग्रह जरा वाकून जातो, असं गुणवंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वाकत असेलही. पण नेट काही नीट येत नव्हतं.

“काकू!” वरून पुन्हा हाक आली. “छत्रीवर साडी कोणी वाळत घातली?”

“ऊन तिथंच चांगलं लागते,” इंदूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “आभाळाला काहून माझ्या साडीचं वावडं?”

साडी उतरली. विनयने पुन्हा फोन लावला. या खेपेस तो पडद्यावर उमटला, मागे लख्ख आकाश.

“मी एक विनोद सांगतो,” गुणवंतराव म्हणाले. “तू हसून दाखव. तुझ्या बापाने रिछाईला कारखाना काढला, तेव्हा चिमणीचा धूर इतका आळशी निघाला की त्याला वर चढवायला दोन माणसं नोकरीला ठेवावी लागली.”

पडद्यावरचा विनय ढिम्म. गुणवंतरावांनी वाट पाहिली. त्यांचं तोंड उतरलं. जिन्यात पावलं वाजली आणि खरा विनय घाम पुसत समोर येऊन उभा राहिला.

“हसला नाहीस,” ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या हातातला विनय, तिकडे गच्चीवर, मान मागे टाकून खो खो हसला.

गुणवंतरावांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा पुतण्याकडे.

“हे कधीचं?”

“मघाचंच, काका. उशिरा पोहोचून राहिलं.”

गुणवंतरावांनी मोबाईल मांडीवर ठेवला.

मागच्या रविवारी ते बंगळूरला हिंदी बोलत वाढलेल्या नातीला, ज्योतीला, फोनवर बंदरकुदनीच्या, नर्मदेचे दोन कडे जवळ येतात तिथल्या, माकडाची गोष्ट सांगत होते. म्हातारं माकड काठावर येतं. खाली नर्मदा, समोर दुसरा कडा. ते उडी घेतं, अर्ध्यावर पोहोचल्यावर त्याला आठवतं की चष्मा मागेच राहिला, आणि ते हवेतूनच माघारी वळतं. इथे ऐकणारा हसतो. घाटावरचे नावाडीसुद्धा हसलेले आहेत. पण गुणवंतरावांच्या गोष्टीला एक अट असे. ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं. हूं आलं नाही, तर गोष्ट जागची हलत नाही. ‘माकड काठावर आलं,’ म्हणून ते थांबले. पोरगी नुसती टकामका बघत राहिली. ‘ज्याला हूं म्हणायचं जड जाते, त्याला मी गोष्ट सांगत नसतो,’ असं सुनावून त्यांनी फोन बंद केला होता.

“विनय,” ते म्हणाले, “पोरगी हूं म्हणत असंल तर?”

“म्हणतच असंल ना. तुम्ही फोन ठेवल्यावर येत असंल इकडे.”

इंदूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

“चलो, हे बघू आधी,” विनय म्हणाला. “नेटचा डबा कुठं आहे, काकू? दिवे लुकलुकतात तो?”

“कोठीत.”

“कोठीत?”

“माकडं नेतात ना! टीव्हीचा रिमोट नेला, आता त्या पिंपळावर बसून कोणता चॅनल पाहून राहिले कोण जाणे.”

गव्हाची पत्र्याची कोठी. वर घट्ट झाकण, बुडाशी भोक पाडून आत घेतलेली वायर. विनयने झाकण उघडलं. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला राउटर, कपाळावर कुंकवाचं बोट, बिचारा लुकलुकत होता.

“काकू, पत्र्यातून बाहेर कसा येईल तो? त्याला कोंडून ठेवलं तुम्ही.”

“नवी वस्तू आहे,” इंदूबाई ओशाळून म्हणाल्या. “जपलं.”

राउटर खिडकीवरच्या फळीवर गेला. इंदूबाई काठी घेऊन खिडकीपाशी बसल्या. विनयने बंगळूरला फोन लावून मोबाईल काकांच्या हातात दिला. ज्योती झटकन समोर आली. तिच्या कपाळावर आलेली बटसुद्धा स्पष्ट दिसत होती.

“आजोबा!”

“ज्योती, मागच्या वेळी मी रागावलो ना...”

“हूं.”

“ते या नेटमुळं झालं. तुझी चूक नव्हती, बाळा.”

“हूं.”

“अगं, ही गोष्ट नाही. हे मी असंच बोलून राहिलो.”

“हूं, आजोबा. मैं सुन रही हूँ.” ती पाठ ताठ करून बसली होती. नजर त्यांच्या ओठांवर होती.

गुणवंतरावांनी विनयकडे पाहिलं. विनय राउटरची वायर नीट करत होता. ती नीटच होती.

“बरं, मग ऐक,” ते म्हणाले. “बंदरकुदनीला एक म्हातारं माकड होतं.”

“हूं.”

“ते एकदा काठावर आलं.”

“हूं.”

सवयीने ते थांबले.

ज्योती हसली. लगेच, मोठ्याने, त्यांच्या तोंडाकडे बघत.

“बहुत अच्छी थी, आजोबा!”

माकड अजून काठावरच उभं होतं.