राहून गेलेली फाइल

पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर बाबारावांनी सात वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरमधून काढून टाकलं होतं. प्लांटच्या टाइम ऑफिसात कॉम्प्युटरवर कामगारांच्या हजेऱ्या भरण्यात जन्म गेला त्यांचा, एवढं तर येतच होतं. आज रायपूरचं स्थळ आलं आणि त्यांची मुलगी शिल्पा तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला बसली.

"चालूनच नाही राहिलं, बाबा. जुन्या फाइली आडव्या येऊन राहिल्या."

"जुन्या कुठल्या? मी तर सगळं काढलं होतं."

"काढलं तरी थोडंफार राहूनच जाते. ते शोधून पुसा लागते."

"मंग पुसून टाक ना सरसकट! पाहत काहून बसली?" बाबारावांचा आवाज चढला आणि लगेच उतरलाही. "नाही तर राहू दे. नेहरू नगरच्या गुरुजीले दाखवू."

पण शिल्पानं फाइल उघडली होती. आत एकच जोडी होती, शिल्पा आणि तेव्हा तिनं स्वतः पसंत केलेला हेमंत साहू. छत्तीसपैकी एकतीस गुण.

बाबारावांनी तेव्हा तिला अकरा सांगितले होते. बाबा म्हणते म्हणजे तसंच असन, म्हणून तिनं हेमंतला लग्नाला नकार कळवून टाकला होता.

शिल्पानं ती फाइल पुसली. सॉफ्टवेअर मुकाट चालू झालं. तिनं रायपूरच्या मुलाची जन्मवेळ भरली, स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली आणि शांतपणे विचारलं,

"बोला बाबा, याचे किती सांगू तुमाले?"