घरचं पाकीट

"हे नको," म्हणत त्याने बिस्किटांचा पुडा बाजूला सारला.

"आता त्यात काय निघालं?" बायकोने विचारलं.

"जिलेटिन, जनावरांच्या हाडांचं. मधल्या क्रीममध्ये."

लेकीच्या शिबिरासाठी आणलेल्या खाऊचा टेबलावर ढीग पडला होता आणि तो भिंग घेऊन एकेक पाकीट वाचत होता. गेल्या वर्षी तिला गोचीड चावली आणि त्यातून मांसाची ॲलर्जी जडली. तेव्हापासून गाय, बकरी, डुक्कर, कुणाचंही मांस किंवा चरबी पोटात गेली की तिचा घसा सुजायचा. तेही लगेच नाही, काही तासांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर. मागच्या खेपेला ती जेमतेम वाचली होती. त्या दिवसापासून बापाने कोणावर विश्वास ठेवायचं सोडलं, आणि त्यात त्याचं चुकलं तरी काय?

त्यातून शिबिर डोंगरावर. तिथे फोनसुद्धा लागत नव्हता.

"नैसर्गिक स्वाद म्हणे. डुकराचाही नैसर्गिकच असतो," असं पुटपुटत त्याने आणखी एक पुडा बाद केला.

"माझी पत्रं इतकी मन लावून वाचली नाहीत कधी," बायको म्हणाली.

"तुझ्या पत्रांनी कोणाचा घसा सुजत नव्हता."

"बाबा, मग मी खाऊ काय? हवा?" लेक वैतागली.

त्याने हसत पिशवीतून वेफर्सची पाकिटं काढली. तो वेफर्सच्या कारखान्यात पॅकिंगचा प्रमुख होता. काल संध्याकाळी निघताना यंत्रावरूनच उचललेली, अगदी ताजी पाकिटं होती ती.

"ही खा बिनधास्त. बटाटा, सूर्यफुलाचं तेल, मीठ. यावरचं अक्षर न् अक्षर मी पास केलंय."

लेकीने एक पाकीट तिथेच फोडलं, बाकीची बॅगेत कोंबली. बस आली. भरल्या तोंडाने खिडकीतून हात हलवत ती गेली. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

त्याच खुशीत तो कारखान्यात पोचला. कामगार यंत्रावर वेष्टनाचं नवं रीळ चढवत होता.

"जुनी पाकिटं संपली, साहेब. आता ही, तुम्ही मागे पास केलेली."

"ती लाल रंगाची ना?"

नमुना टेबलावर आला तेव्हा त्याने रंग बघून मान डोलावली होती. आपल्याच घरचा माल, त्यात वाचायचं काय? आता सहज म्हणून त्याने वेष्टनाची मागची बाजू पाहिली. बटाटा, गाईची चरबी, मीठ.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"चरबी... आजपासून ना?"

"छे हो," रीळ घट्ट करत कामगार म्हणाला. "चरबीत तळतोय ते परवापासूनच. तुम्हीच म्हणालात ना, छापलेली जुनी पाकिटं वाया घालवू नका, आधी ती संपवा."