बुर्जी

माझ्या बापाने भर बैठकीत उलट उत्तर दिलं, म्हणून गावचे पंच रामाकाका यांनी आमचं घर वाळीत टाकलं. पुढे बाप गेला, तर त्याला खांदा द्यायला गावातलं एक माणूस आलं नाही. आम्ही किनारा सोडला, बोईसरजवळ सालवडला खोली घेतली. मी कारखान्यात लागलो आणि तिथंच जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ शिकलो.

शहाऐंशीच्या गणपतीत आमच्या जुन्या गावात बुद्धिबळाचे खुले सामने होते, मीही नाव दिलं. माझ्यासमोर बसले रामाकाका. मात द्यायची संधी मला दोनदा आली, मी मुद्दाम दिली नाही. त्यांचा वजीर खाल्ला, हत्ती खाल्ले, घोडे, उंट, शेवटचं प्यादंही सोडलं नाही. आमच्याकडच्या देशी खेळात एकटा राजा उरला की बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीत सुटतो.

रामाकाका खूश होऊन हसले. "जिंकलेला डाव घालवलास ना, एकनाथ! राजाला मारायचं सोडून बाकीच्यांना कशाला खात बसलास?"

 

 

"राजा मारायचा नवताच, काका. वाळीत टाकायचा होता."