लग्नाच्या व्हिडिओतला अंधार

"अमेरिकेत जाऊन एवढं शिकतेय, आणि घरची एक कॅसेट धड करता येईना हिला!" कुमार लेकीकडे बघत विभाच्या कानाशी पुटपुटला. शुक्रवारी त्यांच्या लग्नाच्या पंचविशीला रियाधमधली मराठी मंडळी येणार होती, आणि त्यांना दाखवायच्या लग्नाच्या व्हिडिओत कुमार लख्ख, तर विभा म्हणजे शालू नेसलेली सावली.

कृष्णवर्णीयांचे जुने सिनेमे जतन करायला शिकणाऱ्या सुखदानं लॅपटॉपवरून मान वर केली. "कॅसेट चांगली आहे, बाबा. आमच्या जुन्या फिल्म्समध्येही चेहरे असेच बुडतात, आणि लोक फिल्मला दोष देतात. इथं दिवा फक्त तुझ्यावर आहे."

"व्हिडिओवालाच कच्चा होता गं."

विभा एरवी यावर हसायची. आज हसली नाही.

"'नवरीवर दिवा मारू नकोस, काळी दिसेल,' असं तूच त्याला सांगितलं होतंस, कुमार. मी ऐकलं होतं."